सतरा बायका, अठ्ठावीस नावं

नोटीस वाचून दाखवताना नंदिनीताईंचा आवाज दोनदा अडखळला. पेठेतल्या मुलींच्या शाळेत एकवीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंचा आवाज एरवी कधी अडखळत नसे. चिमणाबाईच्या अंगणात बसलेल्या सतराही बायका पुढं सरकून ऐकू लागल्या.

“‘सभासद म्हणून दाखवलेल्या सतरा नावांपैकी अकरा नावांच्या स्त्रिया या पेठेत राहत नसून सदर नावे बनावट आहेत, अशी हरकत श्री. बाळासो यांनी घेतली आहे.’” ताईंनी चष्मा काढला. “गुरुवारी अकरा वाजता निबंधक कार्यालयात सुनावणी आहे. ही अकरा नावं खरी ठरली नाहीत, तर आपल्या कांडप सोसायटीची नोंदणी होणार नाही.”

“बनावट म्हंजे?” अंबूबाईनं विचारलं.

“म्हणजे खोटी. अशा बायका जगातच नाहीत, असं त्यांचं म्हणणं.”

झुंबरबाई ताडकन उठली. “मी न्हाय? चौदा वर्सं त्येच्या वखारीत मिरची कांडून माझ्या हाताची सालटी गेली, आनि मी जगातच न्हाय?”

“बस गं, ताईंवर कशाला वरडतीस?” चिमणाबाई म्हणाली. ती सगळ्यांत म्हातारी, तिचंच ऐकायची तर झुंबरबाई थोडंफार ऐकायची. पण आज ती काही बसली नाही.

झुंबरबाईचा राग अख्ख्या शिवाजी पेठेला ठाऊक होता. नळावर ती आली की भांडी आपोआप ओळीत लागत. पण या वेळचा राग वर्षभराचा होता, आणि तो कसा साठला हे सांगायला हवं.

बाळासोची कांडपाची वखार तालमीच्या मागच्या बोळात होती. फाल्गुन लागला की घराघरातून संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीची पोती तिथं येऊन पडत. वर्षाची चटणी पावसाच्या आत डब्यात गेली पाहिजे, हा सगळ्या कोल्हापूरचाच नेम. बाळासोनं नवा डंक बसवला होता; पण मशीनच्या चटणीला रंग येत नाही असं म्हणणारी घरं पेठेत पुष्कळ, म्हणून सोळा उखळंही चालू होती. उखळ मालकाचं आणि मुसळ जिचं तिचं. प्रत्येकीच्या उंचीचं, प्रत्येकीच्या हाताला बसलेलं. दिवसभर देठं खुडायची, खोबरं-तीळ भाजायचे आणि उभ्यानं कांडायचं. तोंडाला फडकं बांधलं तरी शिंका थांबत नसत. घरी गेल्यावर हात ताकात बुडवून बसायचं, आणि तान्हं पोर असलं तर त्याला दुसऱ्या कुणी तरी उचलायचं, कारण आईचा हात डोळ्याला लागला तर पोर तास-तास रडे.

बाळासो या बायकांना नावानं हाक मारत नसे. “ए चार नंबर, हात चालव!” “नऊ नंबर, खोबरं करपतंय बघ!” ज्या उखळावर जी उभी, तो तिचा नंबर. त्याच्या बापाच्या वेळी कधी तरी कामगार खात्याचा माणूस तपासणीला आला होता म्हणे. तेव्हापासून वखारीतल्या कुठल्याही कागदावर बाईचं नाव चढवायचं नाही, असा रिवाजच पडला. नाव नाही तर कामगार नाही, कामगार नाही तर कायदा नाही.

गेल्या वर्षी पाच नंबरवरची बाळाबाई बाळंत झाली. ओलं अंग नीट वाळायच्या आत, बाराव्या दिवशी ती मुसळ घेऊन वखारीच्या दारात उभी राहिली. बाळासोनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. “पाच नंबर भरला,” एवढंच म्हणाला. बाळाबाई मुसळ घेऊन परत गेली. झुंबरबाई चार नंबरला होती; तिनं शेजारच्या उखळावर दुसरी बाई उभी राहिलेली पाहिली आणि तिच्या डोक्यात जे तापायला लागलं ते आजपर्यंत निवलं नव्हतं.

त्याच वैशाखात ती भावाकडे इचलकरंजीला गेली होती. भाऊ मागावर कामाला. त्याचं बोट पट्ट्यात जाऊन तुटलं, तेव्हा त्याच्या विणकर सोसायटीच्या लोकांनी त्याला घरी बसवलं नव्हतं, सुताच्या कांड्या मोजायच्या बसल्या कामावर घेतलं होतं. “तुमचा मालक कोन म्हनायचा मग?” तिनं विचारलं. भाऊ हसला. “आमीच की!” परत येताना एस.टी.त ती सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसली, आणि दुसऱ्या रविवारी नंदिनीताईंच्या अक्षरांच्या वर्गात पाटी बाजूला सारून म्हणाली, “ताई, आमाला सोसायटी काढून द्या.”

ताईंनी वर्षभर खेटे घातले. नगरपालिकेचा एक मोकळा गाळा मिळण्याजोगा होता, बँक डंकासाठी कर्ज द्यायला तयार होती. नोंदणी झाली की सगळं मार्गी लागणार होतं. स्वतःचा डंक, स्वतःची उखळं. बाळंतीण परत आली की तिची जागा तिला. जिचे हात उततील तिला चार दिवस नुसतं निवडायचं काम. हे नियम बायकांनीच सांगितले होते आणि ताईंनी चांगल्या अक्षरात उतरवले होते.

आणि चूक झाली ती अर्ज भरताना. ती झुंबरबाईचीच.

“नाव सांगा,” ताई म्हणाल्या, तेव्हा पहिल्याच बाईनं विचारलं, “कुठलं सांगू? म्हायेरचं का सासरचं?” लग्नात बहुतेकींचं नाव बदललेलं. झुंबरबाई सासरच्या कागदांत सरस्वती होती. हे नाव ठेवणारा नवरा सहा वर्षांपूर्वी दुसरी करून गारगोटीकडे निघून गेला होता.

“आईनं ठेवलेलं नाव सांगा गं!” झुंबरबाई कडाडली होती. “हात आपलं, मुसळ आपलं, आनि नाव त्येंचं व्हय? सोसायटी आपली हाय न्हवं?”

ताईंना ते फार आवडलं. इतकं आवडलं, की रेशनकार्डावर काय आहे हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. अंबूबाईला तर आपलं माहेरचं नाव आठवेना. तिनं भावाला निरोप धाडून विचारून घेतलं, आणि ते ‘अंबू’च निघालं तेव्हा अंगण हसून लोळलं होतं. सासरी ती कृष्णाबाई होती. अशा अकरा जणी. बाळासोनं एवढंच केलं, रेशन दुकानातली यादी काढली आणि अर्जाशेजारी ठेवली.

“माझं पत्र चालणार नाही, अर्ज मीच भरलाय,” ताई म्हणाल्या. “पेठेतल्या माहितीतल्या माणसांकडून प्रत्येकीला लिहून आणावं लागेल, की अमुक आणि तमुक ही एकच बाई आहे आणि आम्ही तिला ओळखतो. इतकी वर्षं कांडताय, इतकी घरं आहेत. देतील की!”

“देतील की!” झुंबरबाई म्हणाली. तिला खात्री होती.

दत्तोपंत कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या घरची चटणी चौदा वर्षं झुंबरबाईच्या हातची. संकेश्वरी तीन वाटे, ब्याडगी एक. लसूण बेतानं, कारण दत्तोपंतांच्या छातीत जळजळतं. तीळ जरा जास्त, थोरल्या मुलीला आवडतात म्हणून. ती मुलगी सासरी गेली, तरी तीळ जास्तच पडत. असं चाळीस घरांचं माप झुंबरबाईच्या डोक्यात होतं, एकाही कागदावर नाही.

ती त्यांच्याकडे गेली तेव्हा दत्तोपंतांची बायको, म्हणजे वैनी, सोप्यात मिरच्यांची देठं खुडत होत्या. झुंबरबाईही सवयीनं शेजारी बसली, मूठभर मिरच्या ओढल्या आणि खुडता-खुडता सगळं सांगितलं.

“अगं, देऊ की! त्यात काय!” वैनींनी हाक मारली. “अहो, ऐकलंत का? आपल्या कांडपवालीला दोन ओळी लिहून हव्यात.”

दत्तोपंत लेखणी आणि कागद घेऊन आले. “हं. नाव काय?”

त्यांनी विचारलं बायकोला. वैनींचा हात थांबला. त्यांनी झुंबरबाईकडे पाहिलं, मग मिरच्यांकडे.

“नाव... अगं, काय बाई तुझं...”

“ठावं न्हाय तुमाला?”

“तसं नव्हे. आम्ही आपलं कांडपवाली म्हणतो ना, त्यामुळं—”

“चौदा वर्सं, वैनी. तुमच्या थोरलीच्या बाळंतपनात रातची चटनी कांडून दिली मी. तुमच्या सासूबाईंना अखेरीला चव लागत नव्हती, तवा त्येंच्यासाठी येगळी वाटीभर करून आनायचो मी. नाव न्हाय इचारलंसा कंदी?”

“तू तरी माझं नाव विचारलंस का गं?” वैनी एकदम म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. “सांग बघू माझं नाव काय ते.”

झुंबरबाईलाही ते ठाऊक नव्हतं. दाराबाहेरच्या पाटीवर दत्तोपंतांचं नाव होतं तेवढं तिनं मागच्याच महिन्यात अक्षर लावून वाचलं होतं. पण त्यानं तिचा राग कमी झाला नाही, उलट वाढला.

“तुमच्या नावावाचून कुठं काय अडलंय? माज्या नावावाचून अडलंय.”

दत्तोपंतांनी लेखणी टोपणात घातली. “हे बघा बाई, रागावून उपयोग नाही. हरकत आलेलं प्रकरण आहे. ज्याची खात्री नाही ते मी लिहून द्यायचं, उद्या मला साक्षीला बोलावतील. आम्ही तुम्हाला पाहून ओळखतो. नावानं ओळखतो असं कसं लिहू?”

“बराबर हाय,” झुंबरबाई उठली. “खोटं कशाला लिवताय!” आणि पदराला हात पुसत ती पायरी उतरली. अर्धं सूप तसंच राहिलं.

बुधवारपर्यंत अकरांपैकी दोघींचीच पत्रं आली. बाकी सगळीकडे हेच. कुणी म्हणालं मालकांना विचारते, कुणी म्हणालं बाळासो आमच्या ओळखीतला, वाईटपणा नको. दोघींना तर चहा पाजून परत पाठवलं होतं.

गुरुवारी सकाळी बायका नेहमीसारख्या कामावर आल्या. बाळासो धुतलेलं धोतर नेसून निघायच्या बेतात होता. “सुनावनीला जानाऱ्यांनी खुशाल जावं,” तो दारातून म्हणाला. “जी जाईल तिचा नंबर भरला. बाहेर बाया कमी न्हाईत.” सायकलला टांग मारून तो दोन तास आधीच निघाला, साहेबांच्या आधी जाऊन बसायची त्याची पद्धत.

दहा वाजता झुंबरबाईनं मुसळ भिंतीला टेकवलं. एकीनंतर एक सोळा मुसळं भिंतीला लागली. बोळाच्या तोंडाशी लेकराला कडेवर घेऊन बाळाबाई उभीच होती.

कार्यालयात खोली लहान, बाकं दोन. बायका भिंतीला लागून उभ्या राहिल्या. त्यांच्या लुगड्यांतून मिरचीचा खकाणा उडाला आणि साहेबांना पहिली शिंक आली. साहेब सडपातळ, सावकाश बोलणारे. त्यांनी दोन पत्रं वाचली, रेशनची यादी पाहिली आणि विचारलं, “राहिलेल्या नऊ जणींचं काय?”

“साहेब, बायकांची लग्नात नावं बदलतात, हे आपल्यालाही माहीत आहे,” ताई म्हणाल्या.

“मला माहीत असून भागत नाही, बाई. कागदावर दोन नावं आहेत. ती एकीचीच, हे कुणी तरी सांगायला हवं. हरकतदार, तुम्ही पेठेतलेच. या बायका तुमच्याकडे कामाला आहेत, असं अर्जात लिहिलंय.”

बाळासो हात जोडून उठला. “न्हाई साहेब. माझ्याकडं डंक हाय, मशीनवर काम चालतंय. दोन गडी हायत. बाया कशाला लागतील? ह्या कोन, कुठल्या, मला ठाऊक न्हाई. सोसायटीच्या नावाखाली सरकारी गाळा लाटायचा, हा डाव हाय बगा.”

“यांपैकी एकीलाही ओळखत नाही?”

“एकीलाबी न्हाई.”

झुंबरबाईच्या कानांत घण पडायला लागले. ताईंनी तिला घरून बजावून आणलं होतं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. ती तीन पावलं पुढं आली.

“बेस झालं!” ती म्हणाली. “साहेब, लिवून घ्या. आमी त्येच्या कुनी न्हाय. मग त्येच्या वखारीत आमचं काय काम? सकाळी दोन मन खोबरं भाजायला घातलंया, चुली धडाडून पेटल्यात, शेजारी चाळीस पोती मिरची. आमी आपल्या उठून आलो. आमी कोन हुतो हिजवायला? आमी तर तितं नव्हतोच!”

बाळासोचा चेहरा आधी पांढरा झाला, मग काळा.

“चुली पेटत्या ठिवल्या?” तो ओरडला. “अगं ए भवाने, झुंबरे! अक्कल हाय का तुला? अंबूबाई, तू सुदिक? तू तर शानी बाई, तुज्या भरवशावर वखार टाकून आलो मी! चिमणाआज्जी, तुमी तरी मागं थांबायचं हुतं की वो! मिरची पेटली तर अख्खी पेठ खोकून मरंल!” तो दाराकडे धावला.

“हरकतदार, थांबा,” साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण बाळासो थांबला. साहेबांनी टाकातली शाई झटकली. “झुंबर. अंबू. चिमणा. ही तीन नावं तुम्ही घेतलीत. आता बाकीची सांगा.”

बाळासोनं दाराकडे पाहिलं. दारात बाळाबाई उभी होती.

“चुली हिजवल्यात,” अंबूबाई हळूच म्हणाली. “खोबरं परातीत काढून झाकलंया. आमी काय मालाची नासाडी करनाऱ्या हाय व्हय?”

“सांगा,” साहेब पुन्हा म्हणाले. “खोटं निवेदन केल्याचं लिहू, की नावं सांगताय?”

आणि बाळासोनं सांगितली. खाली मान घालून, एकेकीकडे बोट करून. ही कुणाची, माहेर कुठलं, सासरचं नाव काय, राहते कुठल्या बोळात. एकही चुकलं नाही. झुंबरबाईपाशी आला तेव्हा म्हणाला, “ही झुंबर. कागदाला सरस्वती. नवरा गारगोटीकडं नांदतोय.” शेवटी दाराकडे बोट केलं. “ती बाळाबाई. ज्ञानूची बायको. गेल्या साली बाळंत झाली.”

साहेब लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी कागद बाळासोपुढे सही करायला सरकवला, आणि बायकांना म्हणाले, “आठ दिवसांत नोंदणीचं प्रमाणपत्र मिळेल. या आता.” मग त्यांना पाठोपाठ चार शिंका आल्या.

बाहेर आल्यावर बायकांनी एकच गिल्ला केला. कुणी ताईंच्या पाया पडत होतं, कुणी बाळासोची नक्कल करत होतं. “‘तू तर शानी बाई!’” अंबूबाई हसून वाकली होती. “चौदा वर्सांत पैल्यांदा शानी म्हनला मुडदा!”

झुंबरबाई हसली नाही. ती पायरीवर बसली होती.

“जिंकलो की गं, झुंबरबाई,” ताई शेजारी बसत म्हणाल्या. “आता राग कशाचा?”

“त्येला ठावं हुतं, ताई.”

“काय?”

“नावं. समद्यांची. म्हायेर, सासर, बोळ, समदं. मला वाटायचं, मोठा मानूस, त्येला कुठं आमची नावं म्हाईत असायला! वैनीला ठावं न्हवतं, तवा मला राग आला. पर वैनीनं कंदी माझ्या पोटावर पाय न्हाय दिला. ह्येला समदं ठावं हुतं, आनि त्यो मला चार नंबर म्हनत हुता.” तिनं बाळाबाईकडे पाहिलं. “पाच नंबर भरला म्हनाला तवाबी त्येला ठावं हुतं, दारात बाराव्या दिसाची बाळंतीन उभी हाय म्हनून.”

बाळाबाई लेकराच्या तोंडातून पदराचं टोक काढत होती. “व्हय की,” ती साधेपणानं म्हणाली. “बारशाला त्येच्या बायकोनं टोपडं धाडलंतं. तेच घालून आनलंय बगा आज.”

सगळ्यांनी लेकराकडे पाहिलं. लेकराच्या डोक्यावर पिवळं, जरीची किनार असलेलं टोपडं होतं.

तेवढ्यात बाळासो बाहेर आला आणि सायकलचं कुलूप काढायला वाकला. बायकांकडे न बघता, पण मवाळ आवाजात म्हणाला, “झुंबरबाई, झालं गेलं सोडा. अर्धं खोबरं पडलंय. चला कामावर. सोसायटीचं आठ दिवसांनी बगू.”

झुंबरबाई उठली. तिनं बाळाबाईला विचारलंही नाही. लेकराच्या हनुवटीखालची गाठ सोडली, टोपडं काढलं आणि सायकलच्या हँडलला अडकवलं.

“बाळ्या!” ती ओरडली. रस्त्यानं जाणारा टांगेवाला लगाम ओढून थांबला. बाळासोला त्याच्या बापानंतर त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. “वखारीत जा आनि दार उघडं ठेव. आमी येतोय. कामावर न्हाय, आमची मुसळं न्यायला.”

आणि सतरा बायका त्याच्या सायकलच्या आधीच पेठेच्या वाटेला लागल्या.